एका भयपटाचा जीर्णोद्धार



जीर्णोद्धार हा शब्द उच्चारला म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर एखादें देऊळ किंवा नदीचा घाट उभा राहतो. आज मी ज्या जीर्णोद्धाराविषयीं बोलणार आहें तो एका चित्रपटाचा आहे. आणि तोहि कोणा थोर कलावंताच्या नामांकित कृतीचा नव्हे, तर इटलींत अल्प भांडवलावर काढलेल्या एका भयपटाचा. ‘काल्तिकी, इल मोस्त्रो इम्मोर्ताले’, म्हणजे ‘काल्तिकी, अमर राक्षस’, हें त्याचें नांव. तो १९५९ सालीं इटलींत प्रदर्शित झाला. पुढें २०१७ सालीं ॲरो व्हिडिओ या ब्रिटिश संस्थेनें मूळ निगेटिव्हवरून सिद्ध केलेली त्याची नवी प्रत, घरीं पाहावयाच्या ब्ल्यू-रे तबकडीवर प्रसिद्ध केली. असल्या चित्रासाठीं एवढे श्रम कां खर्चावे, असा प्रश्न कोणीहि विचारील, आणि तो रास्तच आहे.

प्रथम कथानक सांगून टाकतों. त्यांत फार वेळ घालविण्याजोगें कांहीं नाहीं. मेक्सिकोंतील मायांच्या भग्न अवशेषांत संशोधन करणाऱ्या मंडळींना एका गुहेंतील डोहांत एक आकारहीन, जिवंत गोळा आढळतो. तो एकपेशीय प्राणी असून किरणोत्सर्गानें वाढतो. त्याचा एक तुकडा प्राध्यापकमहाशय चक्क आपल्या घरीं ठेवतात! इकडे एक धूमकेतु पृथ्वीजवळ येऊं लागतो, तुकडा फुगूं लागतो, आणि शेवटीं लष्कराला येऊन अग्नीनें त्याचा नाश करावा लागतो. ‘द ब्लॉब’ हा अमेरिकन बोलपट १९५८ सालीं निघाला होता. हें चित्र त्याच जातीचें. संवाद सपक आहेत, आणि घरगुती दुःखाचें उपकथानक ओढूनताणून आणल्यासारखें वाटतें.

मग यांत पाहण्यासारखें तें काय? तर मारिओ बाव्हा या माणसाच्या हाताची करामत. बाव्हा १९१४ सालीं सान रेमो येथें जन्मला. त्याचे वडील एउजेनिओ बाव्हा हे मूर्तिकार. मूकपटांच्या काळापासून चित्रपटांतील युक्तिदृश्यें रचण्याचें काम ते करीत. मुलगा चित्रकला शिकला आणि पुढें छायाचित्रकार झाला. ‘काल्तिकी’चा दिग्दर्शक रिकार्दो फ्रेडा, परंतु चित्र पुरें होण्यापूर्वींच तो काम सोडून गेला आणि उरलेला भाग बाव्हानें पार पाडला. बाव्हाला दिग्दर्शनाची संधि मिळावी म्हणूनच आपण दूर झालों, असें फ्रेडा पुढें सांगत असे. दिव्यांची योजना, छायाचित्रण आणि राक्षसाची सारी माया बाव्हाचीच.

हा राक्षस कशाचा केला होता, तें ऐकून कांहीं भगिनींना किळस येईल, पण सांगितल्यावांचून गत्यंतर नाहीं. तो होता वजडीचा. खाटिकाकडे मिळणाऱ्या, जनावराच्या पोटांतील वजडीचा. स्टुडिओच्या प्रखर दिव्यांखालीं ही वस्तु किती वेळ टिकली असेल आणि तिचा वास कसा सुटला असेल, याची कल्पना आपणच करावी. घर म्हणून लहानशी प्रतिकृति, लष्कराचे रणगाडे म्हणून खेळण्यांएवढे नमुने. आणि एवढ्या सामग्रीवर मेक्सिको उभें करावयाचें, तेंहि इटलींत बसून. त्यासाठीं बाव्हानें कांचेवरील चित्रांचा आश्रय केला. कॅमेऱ्यासमोर कांच धरावयाची, तिच्या एका भागावर पर्वत, आकाश, भग्न मंदिरें रंगवावयाचीं, आणि मोकळ्या भागांतून नट दिसूं द्यावयाचे. चित्र व माणसें एकाच फितीवर, एकाच वेळीं टिपलीं जातात. प्रकाश जुळला तर सांधा डोळ्यास दिसत नाहीं.

येथें मला कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांची आठवण होते. तेहि पडदे रंगवितां रंगवितां चित्रपटाकडे वळले, आणि कॅमेरासुद्धां त्यांच्या मंडळींनीं स्वतः बनविला. पण त्यांच्या मूकपटांपैकीं फार थोडे अवशेष उरले आहेत. त्यांचा हात कसा चालत होता हें आतां आपण बहुतांशीं वर्णनांवरूनच जाणावयाचें. बाव्हाचें दैव त्या मानानें बलवत्तर.

आतां नव्या प्रतीकडे वळूं. चित्रपटाच्या एका सेकंदांत चोवीस चित्रें धांवतात. सव्वा तासाच्या या बोलपटांत एक लाखाहून अधिक चित्रें झालीं. निगेटिव्हवरील प्रत्येक चित्र यंत्रानें वाचून त्याचें अंकांत रूपांतर करावयाचें, ओरखडे आणि धुळीचे डाग पुसावयाचे, आणि एक दृश्य दुसऱ्याशीं उजळपणांत जुळवावयाचें. यांत एक धोका असतो. फितीचा अंगचा जो बारीक रवाळपणा, तोहि उत्साहाच्या भरांत कोणी पुसून टाकतात. मग माणसांचे चेहरे मेणाचे दिसूं लागतात. देवळाच्या काळ्या दगडाला तैलरंग फासावा, तसाच हा प्रकार. प्रतीच्या प्रतीवरून काढलेल्या अंधुक चित्रांत गुहेंतला काळोख म्हणजे नुसता डाग होतो. निगेटिव्हवरून तोच काळोख खोल होतो, आणि त्यांत भिंतींची ओल दिसूं लागते.

परंतु या तबकडीचें खरें वैशिष्ट्य निराळेंच आहे. तिच्यावर हाच बोलपट दोन रूपांत दिला आहे. कॅमेरा टिपतो तें चित्र पुष्कळसें चौकोनी असतें. चित्रगृहांत दाखवितांना त्याची वरची व खालची पट्टी झांकून तें रुंद केलें जातें. एक रूप असें झांकलेलें. दुसऱ्यांत त्या पट्ट्या उघड्या ठेवल्या आहेत, बाव्हाच्या युक्तिदृश्यांचा अधिक भाग दिसावा म्हणून.

हें उघडें रूप म्हणजेच खरें चित्र, असें कोणी म्हणूं लागेल. मला तें पटत नाहीं. प्रेक्षकांनीं काय पाहावें हें त्या झांकणीनेंच ठरत होतें. गणिताच्या उत्तरपत्रिकेंत बाजूला कच्चें काम केलेलें असतें. गुण उत्तराला द्यावयाचे असतात, कच्च्या कामाला नव्हे. तथापि इतक्या वर्षांच्या शिक्षकीनंतर सांगतों, मुलाची बुद्धि ओळखावयाची तर माझी नजर आधीं त्या कच्च्या कामाकडेच जाई. उघड्या रूपाचें मोल तेवढें, पण तें थोडें नव्हे.

आणखी एक गोष्ट. त्या काळीं इटालियन प्रेक्षकांचाच इटालियन भयपटांवर विश्वास नव्हता. फ्रेडाचा ‘ई व्हांपीरी’ हा भयपट १९५७ सालीं आला. त्याच्या जाहिरातीवरील इटालियन नांव वाचून लोक दारावरून परत फिरत, असें तो सांगे. म्हणून ‘काल्तिकी’च्या नामावळींत फ्रेडा झाला रॉबर्ट हॅम्टन, आणि बाव्हा झाला जॉन फोम. इटालियन भाषेंत ‘बाव्हा’ म्हणजे तोंडांतून गळणारी लाळ. तिचाच हा इंग्रजी फेस! ज्यानें सारें केलें त्याचें नांव पडद्यावर नाहीं, आणि जें आहे ती एक थट्टा. १९६० सालीं ‘ला मास्केरा देल देमोनिओ’ या बोलपटानें दिग्दर्शक म्हणून त्याचें नांव झालें, तें निराळें. टिम लुकस या अभ्यासकानें त्याच्यावर प्रचंड ग्रंथ लिहिला असून या तबकडीवर त्यांचें भाष्यहि ऐकावयास मिळतें.

पाहणारांना एवढेंच सुचवितों कीं प्रथम झांकलेलें रूप पाहावें, आणि इटालियन संवाद ठेवावे, इंग्रजीहि आहेत. इटलींत संवाद मागाहून भरण्याची चाल असल्यामुळें ओठ व शब्द दोन्हींकडे थोडे फटकूनच चालतात. मग उघडें रूप लावून गुहेचा भाग पुन्हां पाहावा. पाणबुड्या डोहांत दुसऱ्यांदा उतरतो आणि वर ओढला जातो, त्या प्रसंगीं लहान मुलांना मात्र खोलीबाहेर पाठवावें.