धरसोड कीं साधना?

गोरेगांवच्या चित्रनगरीला दादासाहेब फाळके यांचें नांव दिलेलें आहे. परंतु विद्यार्थिदशेंत हे गृहस्थ काय शिकत होते, हें थोड्यांनाच ठाऊक असतें.

त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेले धुंडिराज १८८५ मध्यें मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. पुढें बडोद्याच्या कलाभवनांत त्यांनीं चित्रकलेबरोबर छायाचित्रण आरंभिलें. प्रो. गज्जर यांनीं त्यांची तळमळ ओळखून तेथील छायाचित्रशाळा त्यांच्या हातीं सोंपविली. नंतर तिरंगी ठसे झाले, जादूचे खेळही झाले. राजा रविवर्म्यांचा शिळाछापखाना प्रथम घाटकोपरास होता, तो पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्या छापखान्याचेंही काम फाळक्यांनीं केलें. पाहणारास ही निव्वळ धरसोड वाटावी!

पण १९१२ सालीं त्यांनीं वाटाण्याच्या रोपापुढें कॅमेरा मांडला. रोप दिवसेंदिवस वाढत होतें आणि त्याची चित्रें थांबून थांबून घेतलीं जात होतीं. पडद्यावर तो अंकुर क्षणांत वर आला, आणि भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. त्यांत कुंचला, रसायन आणि जादू यांपैकीं कांहींच वायां गेलें नव्हतें.

आज अंधेरी-मुलुंडकडील घरांत मुलानें एकदां रंग, एकदां कॅमेरा हातीं घेतला, कीं वडीलमंडळी चिंतेंत पडतात. त्यांनीं छंद मोजूं नयेत. एखाद्या रोपापाशीं तो महिनाभर थांबूं शकतो काय, एवढेंच पाहावें.