जर्मनीतील भाषाशिक्षक: स्वतंत्र की नोकरदार?

जर्मनीत प्रौढांना भाषा शिकवणारे अनेक शिक्षक मानधनावर, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरता मोबदला घेऊन, स्वतंत्र व्यावसायिक म्हणून काम करतात. आजारपण आले की त्यांची कमाई थांबते, आणि निवृत्तिवेतन विम्याचा १८.६ टक्के हप्ता, जो नोकरदाराच्या बाबतीत मालक निम्मा उचलतो, तो त्यांना सहसा एकट्याने भरावा लागतो. हेरेनबेर्गच्या नगर-संगीतशाळेतील पियानो शिक्षिकेच्या खटल्यात संघीय सामाजिक न्यायालयाने २८ जून २०२२ रोजी तिला नोकरदार ठरवले, कारण खोली आणि वाद्ये संस्थेची होती व स्वतःचे विद्यार्थी मिळवून उत्पन्न वाढवण्याची मुभा तिला नव्हती. करारातील शब्दांपेक्षा प्रत्यक्ष कामकाज पाहणारी ही कसोटी भाषावर्गांनाही लागू पडत असल्याने संस्था धास्तावल्या, तेव्हा २०२५ मध्ये संसदेने, शिक्षकाची संमती असल्यास, संस्थांना त्याला स्वतंत्र व्यावसायिकच मानत राहण्याची तात्पुरती सवलत दिली. हप्त्याचा भार मात्र, तूर्तास तरी, शिक्षकाच्याच खिशावर राहिला.