अद्भुत कादंबरी आणि तिचे वाचक



वसंत व्याख्यानमालेत कोणी अर्थकारणावर बोलतो, कोणी संतवाङ्मयावर बोलतो. मी मात्र आज आपणांपुढे उडणाऱ्या शिपायांवर बोलायला उभा आहे. चालकांनी विषय विचारला तेव्हा मी तो जरा चाचरतच सांगितला. त्यांनीही तो जरा चाचरतच छापला. तेव्हा हा विषय मला कसा सुचला, ते आधी सांगतो.

मी चौतीस वर्षे शाळामास्तर होतो. सेवानिवृत्तीनंतर आठवड्यातून दोन संध्याकाळी येथल्या एका वाचनालयात बसतो, पुस्तकांची देवघेव पाहतो. दोन वर्षांपूर्वी माझी महाविद्यालयात जाणारी नात एक जाडजूड इंग्रजी कादंबरी घेऊन आली. मुलुंडहून दादरपर्यंत लोकलमध्ये उभ्याने ती वाचत असे आणि उतरायचे स्टेशन दोनदा चुकली. मी विचारले, "काय आहे एवढं त्यात?" ती म्हणाली, "आजोबा, सैन्याची शाळा आहे. पण तिथं घोड्यावर बसायला शिकवत नाहीत. पंखांच्या अजस्र सर्पांवर बसायला शिकवतात." मी म्हणालो, "बरं." हे 'बरं' कसे म्हटले असेल, ते आपणांस सांगायला नको.

ती कादंबरी म्हणजे रिबेका यारोस ह्या अमेरिकन लेखिकेची 'फोर्थ विंग'. २०२३ साली ती निघाली. २०२५ च्या जानेवारीत तिचा तिसरा भाग निघाला, तेव्हा पहिल्या आठवड्यातच त्याच्या सत्तावीस लाख प्रती खपल्या. नायिका वीस वर्षांची, देहाने नाजूक, सांधे चटकन निखळणारी. तिने लेखनिक व्हायची तयारी केलेली. पण तिची आई सेनापती, आणि ती मुलीला उडत्या दळाच्या शाळेत घालते. पहिल्याच दिवशी अरुंद दगडी कठड्यावरून चालत पलीकडे जायचे. जो पडेल तो मेला. पुढे त्या पंखवाल्या प्राण्यांनी स्वार निवडायचा. स्वाराने प्राणी निवडायचा नाही. पुस्तक प्रौढांसाठी आहे, त्यात शृंगारही मोकळा आहे. तेव्हा लहान मुलांच्या हाती देऊ नये, हे मी येथेच सांगून टाकतो.

वाचनालयात ह्या पुस्तकाची दोन-तीन वर्षे जी चर्चा मी ऐकली, ती पुस्तकापेक्षाही मनोरंजक होती. वाचकांच्या प्रतिक्रियांचे ढोबळ तीन वर्ग पडत. पहिला वर्ग विचारी, "हे खरे कसे असेल?" दुसरा विचारी, "ह्याचा उपयोग काय?" आणि तिसरा विचारी, "पुढचा भाग आला का?" ह्या तिसऱ्या वर्गाकडे पहिले दोन वर्ग जरा कीव येऊन पाहत. मीही त्या पहिल्या दोन वर्गांतलाच होतो.

आता श्रोतेहो, हे भांडण नवे नाही. ते आपल्याच महाराष्ट्रात, पैठणला फार पूर्वी होऊन गेले आहे. गुणाढ्याची 'बृहत्कथा' आपण ऐकून आहात. मूळ ग्रंथ पैशाची भाषेतला. तो आज उपलब्ध नाही. परंतु अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त त्या ग्रंथाची जन्मकथा सांगितली आहे. गुणाढ्याने सात लक्ष श्लोकांची कथा रानात बसून स्वतःच्या रक्ताने लिहिली आणि दोन शिष्यांबरोबर सातवाहन राजाकडे पाठविली. राजाची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण. राजाने पाहिले: भाषा पिशाचांची, अक्षरे रक्ताची, आणि विस्तार हा एवढा. त्याने ती धिक्कारून परत केली. मराठी मुलुखातल्या अद्भुत ग्रंथावरचा हा पहिला अभिप्राय म्हणायला हरकत नाही!

मग गुणाढ्याने टेकडीवर अग्निकुंड पेटविले. एकेक पान तो मोठ्याने वाची आणि अग्नीत टाकी. भोवती रानातले पशुपक्षी जमले, चारा-पाणी विसरून डोळ्यांत आसवे आणून ऐकू लागले. इकडे राजाच्या मुदपाकखान्यात मांस शुष्क येऊ लागले, राजा आजारी पडला. वैद्यांनी आचाऱ्यांना धरले, आचाऱ्यांनी व्याधांना धरले, आणि व्याध म्हणाले, "महाराज, जनावरे चरतच नाहीत, एक ब्राह्मण वाचतो आहे ते ऐकत बसतात." राजा धावत गेला, तोवर सहा लक्ष श्लोकांची राख झाली होती. उरला होता एक लक्ष.

तो एक लक्षच का उरला? सोमदेव सांगतो, की तेवढा भाग गुणाढ्याने शिष्यांसाठी बाजूस ठेवला होता, कारण त्या दोघांना तो आवडत असे. श्रोतेहो, जरा विचार करा. राजाची मान्यता त्या ग्रंथाला वाचवू शकली नाही. दोन तरुण वाचकांच्या आवडीने मात्र त्याचा सातवा हिस्सा वाचविला.

आणि तो भाग होता कशाचा? नरवाहनदत्ताचा. हा वत्सराज उदयनाचा मुलगा, म्हणजे माणसाच्या पोटी जन्मलेला. आणि तो पुढे विद्याधरांचा चक्रवर्ती होतो. विद्याधर म्हणजे आकाशातून जाणारे, आकाशात लढणारे. त्यांना पंख नसतात. ते विद्येच्या बळावर उडतात, आणि विद्या गेली की जमिनीवर येतात. 'विद्याधर' ह्या शब्दाचा अर्थच विद्या धारण करणारा. म्हणजे माणसाने विद्या मिळवून आकाशातल्या सैन्याचा नायक व्हावे, ही कथा माझ्या नातीच्या कादंबरीपूर्वी शेकडो वर्षे आपल्या घरात होती. मी ते तिला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "मग तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत?" ह्याला मजजवळ उत्तर नव्हते.

उत्तर नव्हते, ह्याचे कारण आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात आहे. मराठीत कादंबरी जन्मली तेव्हाच तिच्या दोन वाटा झाल्या. १८५७ मध्ये बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' निघाले. ते विधवांच्या दुःखावर. १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळबे ह्यांची 'मुक्तामाला' निघाली; ती अद्भुताच्या वाटेने गेली. त्यानंतर नारो सदाशिव रिसबूड ह्यांनी 'मंजुघोषा' लिहिली आणि प्रस्तावनेत मोठा प्रामाणिक खुलासा केला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की आमच्या विवाहपद्धतीमुळे आणि इतर कारणांमुळे आमचे नित्याचे जिणे इतके बेचव आहे, की ते लिहिले तर कोणाचे मन रमणार नाही. म्हणून अद्भुताचा आश्रय करावा लागतो. पुढे १८७२ मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे ह्यांनी नावल व नाटक ह्यांविषयी निबंध लिहून असल्या असंभाव्य कथांची चांगलीच झाडाझडती घेतली. आणि १८९० पासून हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी 'करमणूक' पत्रातून येऊ लागली, तेव्हा घराघरांतले दुःख कसे लिहावे, हे साऱ्यांना दिसले.

हरिभाऊंचे ऋण आपण कधी फेडू शकणार नाही. परंतु त्यांच्या विजयाबरोबर आपल्या सुशिक्षित मनात एक समजूतही रुजली: वास्तव ते थोर, अद्भुत ते पोरकट. अद्भुत कथा वाचणारे कमी झाले नाहीत, फक्त ते चोरून वाचू लागले.

ह्या समजुतीला उत्तर म्हणून मी एकाच लेखकाचे चरित्र आपणांपुढे ठेवतो. द्वारकानाथ माधव पितळे, म्हणजे आपले नाथमाधव. जन्म १८८२ चा. तरुणपणी ते सिंहगडाच्या कड्यावरून पडले आणि कमरेखालचा देह लुळा झाला. अंथरुणाला खिळलेल्या ह्या माणसाने वाचनाचा आणि मग लेखनाचा ध्यास घेतला. १९१३ मध्ये त्यांनी 'वीरधवल' ही अद्भुतरम्य कादंबरी दिली, आणि महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांनी ती दिव्याखाली जागून वाचली. ज्याला घराचा उंबरठा ओलांडणे कठीण, त्याने हजारो मुलांना डोंगरदऱ्यांतून धावविले.

आता योगायोग पाहा. 'फोर्थ विंग'च्या लेखिकेलाही सांधे सैल करणारा जन्मजात विकार आहे, आणि तो तिने नायिकेला दिला आहे. नायिकेला पाठीवर नुसते बसणे जमत नाही, म्हणून तिच्यासाठी खोगीर करावे लागते. आमच्या वाचनालयात एक भगिनी येतात. संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झाली आहेत. त्या मला म्हणाल्या, "सर, मला ती आकाशातली लढाई आठवत नाही. मला ते खोगीर आठवतं. कुणीतरी तिच्यासाठी केलं, एवढंच." हे पुस्तक वास्तवापासून पळालेल्यांचे आहे, असे ह्यानंतर मी कोणत्या तोंडाने म्हणणार?

अर्थात, आवडीचा वाचक म्हणजे आंधळा वाचक नव्हे. घाटकोपरला राहणारे, मूळचे साताऱ्याकडचे एक निवृत्त हवालदार नातवामुळे ह्या कथेच्या नादी लागले. नातवाने ती त्यांना मराठीत सांगितली. ते म्हणाले, "कथा झकास आहे, पण शाळा खोटी आहे. तिथं पोरं मरतात आणि दुसऱ्या दिवशी परेड चालू. आमच्याकडं रंगरूट पडला तर उस्तादाची झोप जायची. शिपाई घडवायचा असतो, चाळून टाकायचा नसतो." ही टीका मला फार मोलाची वाटते. 'पंख खोटे' अशी त्यांची तक्रार नव्हती. माणसांमधला व्यवहार खोटा आहे, अशी होती. अद्भुत कथेची परीक्षा अशीच घ्यायची असते. पंचतंत्रातला कोष्टी लाकडी गरुडावर बसून विष्णू म्हणून राजकन्येकडे जातो, तेव्हा आपण हसतो. पण त्याच्या भरवशावर राजा युद्ध पुकारतो आणि बिचाऱ्याला खरेच रणात उतरावे लागते, तेव्हा त्याच्या पोटातला गोळा आपल्याही पोटात येतो. गरुड लाकडाचा आहे, पण भीती खरी आहे. हवालदारांनी हे एका वाक्यात सांगितले, आणि लगेच नातवाला विचारले, "पुढं काय झालं?"

आणि आकाशातल्या शिपायांची गोष्ट आता नुसती गोष्टही राहिलेली नाही. २०१६ मध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह ह्या तिघी भारतीय वायुदलाच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची प्रवेशपरीक्षा मुलींना खुली झाली, आणि ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याहून सतरा मुलींची पहिली तुकडी शिकून बाहेर पडली. सिंहगडाच्या पायथ्याशी, श्रोतेहो! नाथमाधव ज्या गडावरून पडले, त्याच्याच सावलीत.

त्या सतरा जणींनी अद्भुत कथा वाचल्या होत्या, म्हणून त्या तेथे पोचल्या, असे मी म्हणणार नाही. ते म्हणायला मजपाशी आधार नाही. मी एवढेच म्हणतो, की मुलगी सैन्याच्या शाळेत गेली तर काय होईल, हे पूर्वी मनातच पाहावे लागे. आणि जे मनात पाहायचे, ते पाहण्याची सवय कथाच लावते.

आता शेवटची गोष्ट. ती माझ्या चुकीची आहे. सुमारे पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी वर्गात व्याकरण शिकवीत असता एका मुलाच्या बाकाखाली मला पुस्तक दिसले. पुठ्ठा निखळलेले, वाचनालयाचा शिक्का असलेले 'वीरधवल'. मी ते काढून घेतले, कपाटात ठेवले आणि विसरलो. त्या मुलाला वाचनालयात दंड भरावा लागला. घरी मार बसला. त्यानंतर त्याने वाचनालयाची पायरी चढली नाही. बऱ्याच वर्षांनी घाटकोपर स्टेशनच्या पुलावर तो मला भेटला. वाकून नमस्कार केला. राग मुळीच नव्हता. हसत म्हणाला, "सर, त्याचं शेवटी काय झालं, ते मला कळलंच नाही बघा."

मला ते सांगता आले नाही. कारण जे पुस्तक मी जप्त केले, ते मी वाचलेलेच नव्हते. सातवाहन राजाने निदान टेकडीपर्यंत धाव तरी घेतली. मी पुलावरून तसाच उतरून गेलो.

म्हणून माझी आपणांस विनंती फार लहान आहे. घरातले मूल कथेत बुडालेले दिसले, तर 'ह्याचा उपयोग काय' हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. पहिला प्रश्न 'पुढे काय झाले' हा असू द्या. ते मूल पुस्तक इंग्रजीत वाचत असले, तरी आपल्याला ते मराठीतच सांगेल. आणि सांगता सांगता त्या कथेला मराठी शब्द सापडतील. पंख, खोगीर, स्वार, कठडा हे शब्द माझ्या नातीला असेच सापडले. उद्या तिच्यापैकी कोणी मराठीत अशी कथा लिहायला बसली, तर तिला ते उसने आणावे लागणार नाहीत. आणि आपल्याला न आवडणाऱ्या पुस्तकाला नावे ठेवायची असतील तर अवश्य ठेवा. मात्र हवालदारांसारखी, कथा शेवटपर्यंत ऐकून घेऊन ठेवा.

'वीरधवल' मी गेल्या वर्षी वाचून काढले. माझा तो विद्यार्थी ह्याच भागात राहतो, असे कळते. तो आज येथे कोठे बसला असेल, तर सभा संपल्यावर त्याने मला जरूर भेटावे. पुस्तक मी बरोबर आणले आहे. शेवटी काय झाले, ते मी त्याला सांगणार नाही. त्याने ते स्वतःच वाचावे.