संपर्क आहे की नाही : राऊटरला कसे विचारावे?

(विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या समाजातील बरीच मुले-मुली आता नेटवर्किंगच्या नोकऱ्यांकडे वळत आहेत. पहिली नोकरी बहुधा मदतकक्षातली मिळते. शाखेतून फोन येतो, "नेट बंद आहे." मुलगा राऊटरवर एक आज्ञा देतो, उत्तर पाहतो आणि सांगतो, "आमच्याकडून सर्व ठीक आहे." तक्रार तेथेच मिटवली जाते. पण तिकडे खिडकीसमोर शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी शेवटच्या दिवशी मुली रांगेत उभ्या असतात. त्यांचा अर्ज राहतो आणि कागदोपत्री दोष कोणाचाच नसतो. "सर्व ठीक आहे" असे म्हणण्याचा अधिकार केव्हा प्राप्त होतो, एवढाच आमच्या आजच्या बोलण्याचा विषय आहे. उदाहरणे सिस्को राऊटरची घेतो, कारण बहुतेक अभ्यासक्रमांत तोच शिकवला जातो.

या कामाचे मुख्य हत्यार म्हणजे पिंग. अमेरिकेतील लष्करी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये हा लहानसा प्रोग्राम लिहिला. पाणबुडीचा शोध घेणारे यंत्र पाण्यात ध्वनी सोडते आणि प्रतिध्वनी ऐकते. त्या आवाजावरून हे नाव पडले. येथेही तसेच घडते. आपण एक पॅकेट पाठवतो, पलीकडचे यंत्र ते परत पाठवते आणि मधला वेळ आपण मोजतो.

परंतु पिंगच्या अगोदर 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ' ही आज्ञा द्यावी. प्रत्येक इंटरफेससमोर दोन शब्द दिसतात. दोन्ही ठिकाणी 'अप' असेल तर पुढे जावे. पहिला 'अप' व दुसरा 'डाऊन' असेल तर तार जोडलेली आहे, पण दोन टोकांचे आपसात जुळलेले नाही. 'ॲडमिनिस्ट्रेटिव्हली डाऊन' असे असेल तर ते राऊटरच्या सेटिंगमध्येच बंद ठेवलेले आहे. एका ओळीत कळणाऱ्या या गोष्टीसाठी अर्धा दिवस केबल बदलत बसणारे लोक पुष्कळ आहेत.

आता पिंग. सिस्को राऊटर नुसत्या पिंगवर ५ पॅकेट पाठवतो. प्रत्येक १०० बाइटचे असते आणि उत्तरासाठी २ सेकंद थांबतो. उत्तर आले की उद्गारचिन्ह, न आले की टिंब. नवीन जागी पुष्कळदा पहिले टिंब आणि पुढे चार उद्गारचिन्हे येतात. यश ८० टक्के. नवशिका यामुळे घाबरतो. वास्तविक शेजारच्या यंत्राचा हार्डवेअर पत्ता राऊटरला अजून ठाऊक नसतो. तो विचारून घेईपर्यंत पहिले पॅकेट वाया जाते. पुन्हा पिंग करावे, पाचही येतात. टिंबे अधूनमधून पडत असतील तर मात्र ५ पॅकेटांवर विश्वास ठेवू नये. संख्या १०० किंवा अधिक करून पाहावी.

वेळेकडेही पाहावे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते नागपूर हे अंतर सरळ रेषेत सुमारे ७०० किलोमीटर आहे. म्हणजे जाऊन-येऊन ७ मिलिसेकंद तरी लागणारच, आणि तार काही सरळ रेषेत जात नाही. ३६ हजार किलोमीटर उंचीवरील उपग्रहाची जोडणी असेल तर अर्धा सेकंद लागतो. तो दोष नव्हे, ते अंतर आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. समजा, नागपूरच्या शाखेत राऊटर आहे. शाखेतील संगणकांचे पत्ते १९२.१६८.१० ने सुरू होतात. मुंबईकडे जाणाऱ्या लिंकला १०.०.०.२ हा पत्ता आहे. सर्व्हर मुंबईत मुख्य कार्यालयात आहे. आपण शाखेच्या राऊटरवरून सर्व्हरला पिंग करतो. पाच उद्गारचिन्हे येतात. तरीही शाखेतील एकाही संगणकावर काम चालत नाही. असे का?

कारण राऊटर पिंग करतो तेव्हा ज्या इंटरफेसमधून पॅकेट बाहेर पडते त्याचाच पत्ता पाठवणाऱ्याच्या जागी लिहितो. येथे तो १०.०.०.२. ही लिंक मुंबईच्या राऊटरला प्रत्यक्ष जोडलेली आहे, त्यामुळे उत्तर कोठे पाठवायचे हे त्याला ठाऊक असते. शाखेतील संगणकाचे पॅकेटही मुंबईला पोहोचते, पण १९२.१६८.१० कडे परतण्याची वाट मुंबईच्या राऊटरमध्ये कोणी लिहिलेलीच नाही. उत्तर तेथेच हरवते. तार एकच, सर्व्हर एकच. राऊटरला उत्तर मिळते आणि खिडकीवरच्या संगणकाला मिळत नाही. पाच उद्गारचिन्हे खोटी नव्हती. ती वेगळ्या प्रश्नाचे उत्तर होती.

यावर उपाय राऊटरमध्येच आहे. 'एनेबल' करून नुसते 'पिंग' लिहावे आणि एंटर दाबावे. राऊटर एकेक प्रश्न विचारतो : कोणाला, किती वेळा, किती बाइटचे, किती वेळ थांबू. विस्तारित आज्ञा हव्यात का, या प्रश्नाला 'हो' म्हटले की तो 'सोर्स ॲड्रेस' विचारतो. तेथे शाखेच्या बाजूच्या इंटरफेसचा पत्ता, म्हणजे १९२.१६८.१०.१, द्यावा. आता पाच टिंबे आली तर परतीची वाट नाही असा दाट संशय घ्यावा, मुंबईला फोन करून 'शो आयपी रूट' पाहावयास सांगावे आणि ती वाट लिहून घ्यावी. तक्रारदाराच्या पत्त्यावरून विचारल्याखेरीज तक्रार बंद करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. अनुभवी म्हणवणारे तंत्रज्ञसुद्धा ही पायरी गाळतात, ही खेदाची गोष्ट आहे.

याच प्रश्नावलीत पॅकेटचा आकारही बदलता येतो. १०० बाइटचे पॅकेट सुखरूप जाते, पण पान अर्धवट उघडून अडते, अशी तक्रार आली तर आकार १५०० करावा आणि 'तुकडे करू नका' ही खूण लावावी. लहान कार्यालयांच्या ब्रॉडबँडमध्ये पीपीपीओई ही पद्धत असेल तर तिचे स्वतःचे ८ बाइट जातात व पॅकेटला १४९२ उरतात. मग १४९२ जाते आणि १५०० अडते. विंडोजच्या पिंगमध्ये मात्र शीर्षकाचे २८ बाइट वगळून आकार द्यावा लागतो. तेथे १४७२ लिहिले की पूर्ण पॅकेट १५०० होते. हा फरक मुलाखतीत हमखास विचारतात.

वाट कोठे तुटली हे पाहण्यास ट्रेसरूट आहे. ते पॅकेटला प्रथम १, नंतर २, नंतर ३ मुक्कामांचे आयुष्य देते. आयुष्य संपले की तेथील राऊटर कळवतो आणि आपल्याला त्याचा पत्ता मिळतो. मधल्या एखाद्या ओळीत तारका दिसल्या आणि पुढचे मुक्काम उत्तर देत असतील तर तेथे बिघाड नाही. अशा चौकशीला उत्तर न देण्याची ताकीद कित्येक राऊटरना दिलेली असते. तारकाच तारका सुरू झाल्या की कंट्रोल, शिफ्ट आणि ६ एकदम दाबून थांबवावे. नाहीतर ३० मुक्कामांपर्यंत बसून राहावे लागते.

शेवटी, सर्व्हरचे यंत्र पिंगला उत्तर देते म्हणून त्यावरील सेवा चालू आहे असे होत नाही. उलट फायरवॉलने पिंग अडवले असेल तर यंत्र उत्तम चालू असूनही टिंबेच येतील. अशा वेळी राऊटरवरून 'टेलनेट', सर्व्हरचा पत्ता आणि पुढे पोर्टचा आकडा द्यावा; साध्या वेबसाठी ८०, सुरक्षित वेबसाठी ४४३. 'ओपन' आले तर दार उघडे आहे. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आले तर बहुधा पॅकेट पोहोचले पण ऐकणारे कोणी नाही, आणि फोन सर्व्हर सांभाळणाऱ्यास करावा, तारवाल्यास नव्हे.

नोंदवहीत 'पिंग ओके' एवढेच लिहू नये. कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्याला, किती बाइटची किती पॅकेट, त्यांतली किती परत आली आणि किती वाजता, हे लिहावे. पुढच्या पाळीच्या माणसाला त्याचाच आधार असतो.

ज्यांच्याजवळ राऊटर नाही त्यांनी संगणकावर 'पॅकेट ट्रेसर' किंवा 'जीएनएस३' घ्यावे. दोन राऊटर जोडा, दोहोंमागे एकेक संगणक ठेवा, सर्व चालू करा. मग दुसऱ्या राऊटरमधली परतीची वाट मुद्दाम काढून टाका आणि पहिल्यावरून दोन्ही तऱ्हांनी पिंग करून पाहा.