पुन्हां एका रंगमंचावर

आवडत्या गवयाचें गाणें ऐकण्यासाठीं माणसानें किती दूर जावें, हा प्रश्न पंढरीस पायीं जाणाऱ्या देशांत विचारणेंच थोडें विचित्र. तथापि आमच्या धरमपेठेंतील एका घरांत २०२५ सालच्या उन्हाळ्यांत या प्रश्नावरून चांगले दोन महिने वाद चालला होता. त्या वादांत मलाहि साक्षीला ओढण्यांत आलें, म्हणून आज त्याविषयीं चार शब्द बोलण्याचें धाडस करीत आहें.

वादाचें मूळ असें. इंग्लंडांत मँचेस्टर शहरीं १९९१ सालीं 'ओएसिस' नांवाचा एक वाद्यवृंद निघाला. नोएल आणि लिअम गॅलघर हे दोघे सख्खे भाऊ त्याचे आधारस्तंभ झाले. थोरला नोएल बहुतेक गीतें रची, धाकटा लिअम तीं गाई. दोघांचें आपसांत फारसें कधीं पटलें नाहीं, आणि तें न पटणेंहि वर्तमानपत्रांतून गाण्याइतकेंच गाजलें. अखेर २००९ च्या ऑगस्टांत पॅरिस येथें, कार्यक्रमास उभें राहण्याच्या थोडा वेळ आधीं, पडद्यामागें भांडण होऊन थोरला कायमचा निघून गेला. मराठींत या प्रकाराला भाऊबंदकी असा एकच खणखणीत शब्द आहे. त्याचें इंग्रजींत भाषांतर करावयाचें झाल्यास मी या दोघां भावांचीं नांवें देईन.

पंधरा वर्षांनीं, २०२४ च्या ऑगस्टांत, आपण पुन्हां एकत्र गाणार असल्याचें दोघांनीं जाहीर केलें. पहिला जलसा वेल्समधील कार्डिफ येथें ४ जुलै २०२५ रोजीं ठरला. वर सांगितलेल्या घरांतील नात पुण्यास नोकरीस आहे. तिनें त्या जलशाचें तिकीट मिळविलें. तिकिटें विक्रीस निघालीं त्या दिवशीं लोक तासन्‌तास संगणकावरच्या अदृश्य रांगेंत उभे होते, आणि मागणी वाढेल तसतसा दर चढविण्याच्या पद्धतीमुळें कित्येकांची पाळी येईतों जाहीर किंमत दुपटीच्या वर गेली होती. ही मला स्वच्छ लूट वाटते. यात्रेच्या गर्दींत नारळाचा भाव वाढविणारा दुकानदार आपण सर्वांनीं पाहिला आहे. पण देवळाच्या पायरीगणिक भाव वाढविणारा मीं तरी तोंवर पाहिला नव्हता.

आजोबांचें म्हणणें असें होतें : त्या मंडळींचें प्रत्येक गाणें तुझ्या हातांतल्या मोबाईलवर आहे, तें तूं हजार वेळां ऐकलें आहेस, आवाजहि आतां तेव्हांचा राहिलेला नसणार, मग व्हिसा, विमान, मुक्काम मिळून चार महिन्यांचा पगार कशासाठीं उधळावयाचा? नातीनें उत्तर दिलें, "आजोबा, गाणं ऐकायला नाही, त्या दोघांना एकत्र बघायला जातेय." म्हातारे यावर हंसले, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐका! गाणं बघायला चालली आहे!"

नभोवाणीवर बोलणाऱ्या माणसानें खरें तर आजोबांची बाजू घ्यावयास हवी. ध्वनि घरपोंच आणून देणें हाच या यंत्राचा धर्म. मुंबईचें नभोवाणी केंद्र १९२७ सालीं निघालें, आमच्या नागपुरास १९४८ सालीं आलें, आणि दूरचें गाणें ऐकण्यासाठीं दूर जाण्याची गरज तेव्हांपासून उत्तरोत्तर कमीच होत गेली. तरीहि मी नातीच्या बाजूनें बोललों, तो शंभर वर्षांपूर्वींच्या एका रात्रीच्या आधारावर.

१९२१ सालीं ८ जुलै रोजीं मुंबईस बालीवाला नाट्यगृहांत 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. संयुक्त म्हणजे दोन प्रतिस्पर्धी नाटकमंडळ्यांनीं मिळून केलेला. एक गंधर्व नाटक मंडळी, दुसरी ललितकलादर्श. पहिलीचे धनी नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व; गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह किर्लोस्कर मंडळींतून बाहेर पडून १९१३ सालीं त्यांनीं ती काढली होती. दुसरी केशवराव भोसले यांनीं १९०८ सालीं, वयाचीं अठरा वर्षें पुरीं होण्याआधींच, हुबळीस उभी केली होती. हें पुनर्मीलन नव्हतें, हें मी आधींच मान्य करतों. हे दोघे पूर्वीं एका मंडळींत नव्हतेच. परंतु रसिकांच्या मनांत त्यांची जोडी, आणि त्यांची लढत, वर्षानुवर्षें लागलेली होती. बालगंधर्वांचा गळा लडिवाळ, सुरेल, लयीशीं खेळणारा. केशवरावांचा उंच, धारदार, तानेंत विलक्षण तडफ असलेला. एकाचे भक्त दुसऱ्याच्या प्रयोगास गेलेच, तर बहुधा न्यून काढावयास जात.

निमित्त झालें टिळक स्वराज्य फंडाचें. लोकमान्य १ ऑगस्ट १९२० रोजीं निवर्तले. त्याच वर्षीं डिसेंबरांत येथें नागपुरास, ज्या भागास आज आपण काँग्रेसनगर म्हणतों तेथें, काँग्रेसचें अधिवेशन भरलें व असहकारितेवर शिक्कामोर्तब झालें. पुढल्या वर्षीं लोकमान्यांच्या नांवें एक कोटि रुपये जमविण्याचा संकल्प देशभर पसरला. त्या फंडासाठीं दोन्ही मंडळ्यांनीं ही रात्र देऊं केली. तिकिटांचे दर नेहमींच्या कितीतरी पट होते, आणि तरी नाट्यगृह भरून गेलें. नागपुराहून जावयाचें म्हटलें तर वर्धा, बडनेरा, भुसावळ, मनमाड करीत, पुढें इगतपुरीचा घाट उतरून, सुमारें सव्वापांचशें मैलांचा आगगाडीचा प्रवास. तोहि ऐन जुलैच्या पावसांत.

'मानापमान' हें कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें नाटक १९११ सालीं रंगभूमीवर आलें. त्याच्या आधीं दोनच वर्षें त्यांचें 'भाऊबंदकी' आलें होतें. गॅलघर बंधूंनीं हीं दोन्ही नाटकें त्याच क्रमानें वाचावयास हवीं होतीं. श्रीमंताची कन्या भामिनी ही गरीब शूर सेनानी धैर्यधर याचा अपमान करते, आणि पुढें वेष पालटून त्याच्याजवळ राहिल्यावर त्याच्यावर अनुरक्त होते, एवढें कथानक श्रोत्यांना स्मरत असेलच. त्या रात्रीं बालगंधर्व भामिनी झाले होते, केशवराव धैर्यधर.

आतां संगीत नाटकाची रीत पहा. एका पात्राचें पद चालू असतां समोरच्या पात्रास आंत जाण्याची सोय बहुधा नसते, कारण पद त्यालाच उद्देशून असतें. शिवाय तें एकदां म्हणून संपतहि नाहीं. 'वन्स मोअर' येतो, पुन्हां आरंभ होतो, नवी तान निघते. तेवढा सारा वेळ दुसऱ्यानें उभें राहून ऐकावयाचें. आणि नुसतें ऐकावयाचें नव्हे, तर गाणाऱ्यावर जीव जडलेल्या माणसासारखें ऐकावयाचें. गाणारा आपला प्रतिस्पर्धी असेल, प्रेक्षागृहांतील अर्धे लोक त्याचे भक्त असतील, आणि टाळ्यांचा प्रत्येक कडकडाट आपल्या डोक्यावरून त्याच्याकडे जात असेल, तरीहि! केशवरावांचीं पदें हजारों लोकांनीं पूर्वीं ऐकलीं होतीं, बालगंधर्वांचींहि ऐकलीं होतीं. भामिनी होऊन उभे असलेले बालगंधर्व केशवरावांचें पद ऐकत आहेत, हें दृश्य मात्र नवें होतें. माझ्या मतें रसिकांनीं दामदुप्पट मोल मोजलें तें याचें. त्या रात्रीं सरस कोण ठरला, यावर पुढें पुष्कळ चर्चा झाली. मला ती कुस्तीच्या फडांतली वाटते. ज्याला निकालच हवा होता त्यानें आगगाडीचें भाडें फुकट घालविलें.

नात कार्डिफहून परत आली तेव्हां तिनें सांगितलेली पहिली गोष्ट गाण्याविषयीं नव्हतीच. दोघे भाऊ हातांत हात घालून रंगमंचावर आले, आणि तिच्या शेजारीं उभा असलेला एक पोक्त गृहस्थ पहिला सूर लागण्यापूर्वींच रडूं लागला. सत्तरएक हजारांच्या त्या समुदायांत तसे पुष्कळ असावेत. मधल्या कांहीं गीतांत थोरला गाई तेव्हां धाकटा आंत निघून जाई, असेंहि ती म्हणाली. एवढ्यापुरती आपल्या संगीत नाटकाची रीत अधिक कठोर, आणि म्हणूनच अधिक उदार, असें मला वाटलें. पण मीं तें तिला बोलून दाखविलें नाहीं.

एक आक्षेप मात्र आजोबांनीं शेवटपर्यंत सोडला नाहीं. मुंबईची ती रात्र देशकार्यासाठीं होती, कार्डिफची पैशासाठीं, असें ते म्हणत. परोपकारासाठीं जमणारे तिकडेहि आहेत. 'पिंक फ्लॉइड' या वाद्यवृंदाचे चौघे चोवीस वर्षांनीं एका रंगमंचावर आले ते २ जुलै २००५ रोजीं लंडनच्या हाइड पार्कांत, आफ्रिकेंतील दारिद्र्याकडे जगाचें लक्ष वेधण्यासाठीं. ते चौघे पुन्हां कधीं एकत्र वाजले नाहींत. २००८ सालीं त्यांतील रिचर्ड राइट वारले. पण पैशासाठीं जमलेले गाणारे केवळ पैशासाठींच गातात, हेंहि मला पटत नाहीं. तसें असतें तर आपल्या नाटकमंडळ्यांचा सारा इतिहास जमाखर्चाचाच झाला असता. आणि जमाखर्चांत तर त्यांतल्या पुष्कळ बुडाल्याच.

'संयुक्त मानापमान' झाल्यानंतर 'संयुक्त सौभद्र'हि झालें. आतां हे असेच अधूनमधून एकत्र येत राहतील, पावसाळा सरल्यावर सवडीनें मुंबईस जाऊं, असें मनाशीं म्हणणारे रसिक त्या वेळीं ठिकठिकाणीं असतीलच. ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं केशवराव वारले. वय अवघें एकतीस. प्रयोगास तीन महिनेहि झाले नव्हते.

त्या रात्रीचा एकहि सूर मुद्रित झालेला नाहीं. कर्ण्यांत तोंड घालून तीन-चार मिनिटांची तबकडी भरण्याचे ते दिवस. नाट्यगृहांतला प्रयोग यंत्रानें टिपणें तेव्हां शक्यच नव्हतें. कोल्हापुरास केशवरावांचें नांव दिलेलें नाट्यगृह होतें, शाहू महाराजांच्या काळचें. तेंहि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं, त्यांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशीं, आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें. ललितकलादर्श बापूराव पेंढारकरांनीं पुढें चालविली. बालगंधर्व त्यानंतर सेहेचाळीस वर्षें जगले. 'मानापमान' चालूच राहिलें. भामिनी तीच होती, धैर्यधर निराळे येत गेले.