कात्री आधी कुठे लागते?



तुम्ही आसपासच्या गावांतून अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला येता. कुणी मोरिवलीला, कुणी आनंदनगरला. दिवसभर राबून रात्री वर्गाला बसलात आणि अक्षरे शिकलात. आता पगाराची चिठ्ठी तुम्ही स्वतः वाचता. रसायनाच्या पिंपावरची धोक्याची सूचना वाचता. हे मोठेच काम झाले.

पण कोयता वापरला नाही तर गंजतो. अक्षराचेही तसेच आहे. वाचायला काही मिळाले नाही, तर शिकलेले विसरायला होते. दर वेळी पुस्तक विकत घेणे आपल्याला परवडत नाही. म्हणून वाचनालय हवे. आज आपण वाचनालयाच्या पैशाविषयी बोलू.

घरात पैसा कमी पडला तर आपण काय करतो? आधी धान्य, आधी औषध. बाकीचे पुढच्या महिन्यावर टाकतो. नगरपालिकाही तसेच करते. दर साली 1 एप्रिलच्या आधी ती पुढच्या वर्षाच्या जमाखर्चाचा अंदाज बांधते. त्याला अंदाजपत्रक म्हणतात. नगरपालिकांचा कायदा 1965 सालचा. त्यात कामांच्या दोन याद्या आहेत. दिवाबत्ती, सफाई ही कामे केलीच पाहिजेत. वाचनालय दुसऱ्या यादीत आहे. केले तर केले, नाही तर नाही. मग पैसा अपुरा पडला की कात्री आधी कुठे लागेल, ते तुम्हीच सांगा!

गटार तुंबले तर वास सुटतो, लोक ओरडतात. वाचनालय बंद पडले तर वास येत नाही. दाराला कुलूप लागते, पुस्तकांवर धूळ बसते. कुणी विचारीत नाही.

सरकारही मदत करते, बरं का. 1967 साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना सरकार अनुदान देते. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. 2012 नंतर दहा वर्षे ‘ड’ वर्गाला वर्षाचे 30,000 रुपयेच मिळत. म्हणजे महिन्याला 2,500. त्यातच पुस्तके, वर्तमानपत्रे, वीज आणि ग्रंथपालाचा पगार! पुढे 60 टक्के वाढ झाली, तेव्हा 30,000 चे 48,000 झाले. महिन्याला 4,000. कर्नाटकात आणि केरळात ग्रंथालयासाठी वेगळा कर घेतात. आपल्या कायद्यात तसा कर नाही. त्यामुळे दर साली मागावे लागते.

कुणी म्हणेल, “अहो, पाणी आधी की पुस्तक?” पाणीच आधी. पण पाण्याचा अर्ज कोण लिहिणार? पाणीपट्टीचे बिल कोण वाचणार? वाचणारा माणूस पाणीही नीट मागतो.

इथून जवळच कल्याण आहे. तिथे 1854 साली आगगाडी आली आणि 1864 साली सार्वजनिक वाचनालय निघाले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचे. वाचणारी माणसे येत राहिली, म्हणून ती टिकली.

तेव्हा आम्ही तीन गोष्टी सांगतो. पहिली, जवळच्या वाचनालयाचे सभासद व्हा आणि आठवड्यातून एकदा तरी तिथे जा. रिकाम्या वाचनालयासाठी कुणी पैसा ठेवत नाही. दुसरी, नगरपालिकेच्या हद्दीत राहत असाल तर अंदाजपत्रक होण्याआधी, डिसेंबर-जानेवारीत, अर्ज द्या. “वाचनालयासाठी किती रक्कम ठेवणार?” असे विचारा. अर्जाची पोच घ्या. तिसरी, गावात राहत असाल तर ग्रामसभेला जा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या तारखा ध्यानात ठेवा. तिथे उभे राहून वाचनालयाचा विषय काढा.

आणि एक सांगतो. तो अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका. चुका झाल्या तरी चालतील. स्वतः लिहा, आणि खाली अंगठा नको, सही करा.