निंदणी आधी, प्रेसिंग नंतर
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

श्रोतेहो, मे महिन्यात जळगावात दिवस मावळायच्या आत घराबाहेर पडणं हेच धाडस. त्यात विषय ‘कॉम्प्युटरमधली जागा मोकळी कशी करावी’. तरी आलात, बरं वाटलं.

माझी नोकरी रेकॉर्ड रूममध्ये गेली. सरकारी दप्तराचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. ‘अ’ कायम ठेवायचं, ‘ब’ ३० वर्षं, ‘ड’ वर्षभराने नष्ट करायचं. या छाटणीला कचेरीत ‘निंदणीकरण’ म्हणतात. हा शब्द ज्याने रूढ केला तो शेतकऱ्याच्याच घरचा असणार. कपाशी निंदणाऱ्या बाईला पीक कोणतं आणि तण कोणतं ते बोटांनाच कळतं. यंत्राला नाही कळत.

मागे धुळ्याहून पुतण्या लॅपटॉप घेऊन आला. “काका, सी ड्राइव्ह लाल झाला. तासभर डिलीट करतोय, हलत नाही.” काय उडवलं म्हणून पाहिलं, तर डाउनलोडमधले सातबारे! एकच गट, अकरा वेळा उतरवलेला; सातबारा, सातबारा (१), (२), असे थेट (१०) पर्यंत. सगळे मिळून दोन-चार एमबी. मी फायली आकारानुसार लावल्या. सगळ्यात वर लग्नाचा व्हिडिओ, १४ जीबी. आणि त्याच्याच खाली तोच व्हिडिओ पुन्हा, डेस्कटॉपवर. म्हटलं, “काय भो, बांधावरचं गवत उपटत बसला, अन् वावरात बाभूळ उभी!”

एक प्रत उडवली, तरी जागा तेवढीच. कारण फाइल रिसायकल बिनमध्ये जाऊन बसली होती. तो रिकामा केल्यावर पट्टी निळी झाली. पण तेव्हाही फाइल लगेच पुसली जातेच असं नाही. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं, तरी शेत काही उचलून नेत नाहीत. दुसरा येऊन नांगरेपर्यंत जुनी सरी दिसतेच. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर म्हणूनच चुकून उडालेली फाइल कधी कधी परत मिळते, मात्र त्यावर नवं काही लिहायच्या आत. हल्लीच्या एसएसडीत ती जागा यंत्र स्वतःच लवकर साफ करून टाकतं, तिथे फार आशा धरू नका.

आता दाबण्याकडे येऊ. जिनिंग-प्रेसिंग तुम्हाला मी काय सांगणार! क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. प्रेसमध्ये तीच रुई १७० किलोच्या गाठीत बसते. धागा एकही कमी होत नाही, गाठ सोडली की रुई पुन्हा फुलते. झिप फाइल म्हणजे ही गाठ. आणि बांधलेली गाठ पुन्हा प्रेसमध्ये घातली तर? तेवढीच राहते. व्हिडिओ, मोबाइलचे फोटो हे आधीच दाबलेले असतात. त्यांची झिप करून हाती फारसं काही लागत नाही.

अक्षरं कशी दाबतात, ते पाहायला धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातले मोडी कागद आठवा. वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच गेले आणि पुढच्या वर्षी हे मंडळ उभं राहिलं. मोडी लिहिणारा कारकून ‘मौजे’चं ‘मौ॥’ करी, ‘परगणे’चं ‘प॥’. आणि गावाचं नाव एकदा लिहून झालं की पुढे फक्त ‘मौजे मजकूर’, म्हणजे वर सांगितलेलंच गाव. लेम्पेल आणि झिव या दोघा संशोधकांनी १९७७ साली मांडलेली रीत हीच : आधी येऊन गेलेला मजकूर पुन्हा लिहू नका, ‘इतकी अक्षरं मागे जा, तिथून इतकी उचला’ एवढंच लिहा. झिपच्या पोटात आजही हीच रीत आहे. आमच्या कारकुनाने पेटंट घेतलं नाही, एवढंच.

फोटो दाबणाऱ्या जेपीईजीची गोष्ट मात्र वेगळी. ती गाठ बांधत नाही, जिनिंग करते. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून डोळ्याला सहसा न जाणवणारा बारकावा फेकून देते. तो परत येत नाही. चेहऱ्याला हे खपतं. पण अक्षराची कड तीक्ष्ण असते, ती आधी फुटते.

हे मी स्वतः भोगलंय. आमच्या पणजोबांचा एक मोडी कागद होता. मी त्याचा चांगला मोठा फोटो काढला. कुठल्याशा अर्जाला २०० केबीची मर्यादा, म्हणून तो दाबला आणि जागा अडते म्हणून मोठा फोटो उडवला. जन्मभर निंदणीकरण केलेला माणूस, आणि घरचा ‘अ’ वर्ग ‘ड’त टाकला! कागद पुढे पावसाळ्यात वाळवीने खाल्ला. नंतर मोडी वाचकाकडे ते चित्र नेलं. त्यांनी ते मोठं करून पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. ‘मौ॥’पर्यंत लागत होतं. पुढे गावाच्या नावाच्या जागी नुसते करडे चौकोन.

“मूळ आणलंय ना?” त्यांनी विचारलं.